एक गोष्ट, चांगली पण खरी

"मी काय बोलनार, पन बोलतो."

हे वाक्य म्हणण्यापूर्वी काकाजी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवत आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन उजव्या हाताने डावे मनगट घट्ट धरत. शाळेत गुरुजींनी उभे केलेल्या मुलासारखे ते दिसत. समोर चिता पेटलेली असे, आणि पत्र्याच्या शेडखाली सिमेंटच्या बाकांवर आमचे अर्धे नेर गाव बसलेले असे.

आमच्याकडची ही रीत इतरत्र आहे की नाही, मला ठाऊक नाही. अग्नी दिला की माणसे लगेच पांगत नाहीत. मोक्षधामातच छोटी शोकसभा होते. कोणीतरी पुढे येऊन नावे पुकारतो, चारदोन जण बोलतात, शेवटी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात आणि मग घरोघरी जातात. बोलणारे ठरलेले असतात आणि त्यांचे शब्दही. मृत व्यक्ती मनमिळाऊ, कष्टाळू आणि परोपकारी असते. तिच्या जाण्याने कधी न भरून निघणारी पोकळी निर्माण होते. अशी भाषणे तुम्हीही ऐकली असतील. मी ती ऐकली आहेत, आणि केलीही आहेत.

काकाजी यांतले काहीच बोलत नसत. ते फक्त एक गोष्ट सांगत.

ती गोष्ट मिळवण्याची त्यांची पद्धत होती. कोणी गेल्याचे कळले की ते सर्वांच्या आधी त्या घरी पोचत. तिरडीचे बांबू बांधले जात असत, आत बायकांचे रडणे चालू असे, आणि काकाजी ओट्यावरच्या माणसांत हळूच जाऊन बसत. मग शेजाऱ्याला, दूधवाल्याला, एखाद्या लांबच्या भाच्याला विचारत, "एक गोष्ट सांगा याची. चांगली, पन खरी."

"फार मनमिळाऊ होते जी."

"थे सगळेच असते. गोष्ट सांगा."

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याशी भांडण न झालेले घर शोधून सापडले नसते. ते गेले तेव्हा बोलणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली; मनमिळाऊ म्हटले असते तर ऐकणाऱ्यांना हसू आवरले नसते. काकाजी उठले, चपला काढल्या, मनगट धरले.

"मी काय बोलनार, पन बोलतो. हा मानूस माह्याशी भांडला. तुमच्याशीबी भांडला असन. पन एक गोष्ट सांगतो. हा भांडाले आला, अन् समोरचा जेवून राह्यला असन, तं हा आत येत नोता. भाईर ओट्यावर बसून राहे. हात धुतल्याचा आवाज आला का मंग आत येऊन भांडे. जेवत्या मानसाले यानं कधी उठवलं नाई."

शेडखाली हशा पिकला. चिता जळत असताना एवढे मोठे हसू मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्या हसण्यातच गिरणीवाल्यांचा मुलगा, जो सकाळपासून कोरडा उभा होता, गुडघ्यांत डोके घालून हमसून रडू लागला. पुढे तो मला म्हणाला, "काका, लोक माह्या बापाले हासले, पन पह्यल्यांदा प्रेमानं हासले."

मुसलमान मोहल्ल्यात अशी सभा होत नाही. स्टँडजवळच्या गॅरेजचे मिस्त्री वारले तेव्हा काकाजी मातीला गेले आणि परतताना गॅरेजच्या बाकावर मिस्त्रींच्या भावाजवळ बसले. म्हणाले, "तुमच्या भावानं कोनाची गाडी कितीबी भंगार असो, परत देताना सीट आपल्या बाहीनं पुसून देल्ली. फडकं समोर पडलं असन तरी बाहीनंच." भाऊ म्हणाला, "काकाजी, ये तो हमने भी नहीं देखा था."

हे सारे ऐकून तुम्हाला वाटेल की मनुष्य मोठा प्रेमळ असावा. मी त्यांच्या हाताखाली तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात अनेक वर्षे काम केले आहे. ते आस्थापना शाखेत वरिष्ठ होते. मी नवा, घाबरट आणि कौतुकाला आसुसलेला. मी रंगवून, समास सोडून, सुवाच्य अक्षरांत टिपणी नेऊन द्यायचो. ती लाल शाईच्या 'पुन्हा सादर करा' या शेऱ्यासह परत येई. ज्या दिवशी शेरा नसे, तो दिवस आम्ही चहा पाजून साजरा करत असू. तोंडी कौतुक त्यांनी कोणाचेही केल्याचे मला आठवत नाही. आमचा एक सहकारी म्हणे, "काकाजीच्या तोंडून चांगलं ऐकाचं असन तं मरा लागते." एकदा त्याने धीर करून विचारलेही, "काकाजी, आमच्याबद्दल काय बोलाल?" काकाजींनी फाईलवरून मान वर न करता उत्तर दिले, "घाई काय हाय?"

आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्यात मीही होतो, हे येथे नमूद करून ठेवतो. त्या उत्तरात विनोद किती आणि अडचण किती, याचा विचार करण्याइतका मी तेव्हा मोठा नव्हतो.

निवृत्तीनंतर ते आमचे शेजारी म्हणून अधिक वाट्याला आले. त्यांचे आणि आमचे घर यांच्यात एक भिंत होती. पलीकडून आवाज फारसे येत नसत. काकू कमी बोलत. एकुलती मुलगी लग्न होऊन वणीकडे राजूरला गेली होती. जावई तिथल्या कोळसा खाणीत होता. ती सणासुदीला येई, आईजवळ स्वयंपाकघरात बसे आणि जाई. बापलेकीत भांडण असल्याचे कधी ऐकले नाही. त्यांच्यात भांडण होण्याइतके बोलणेही नव्हते.

काकू अचानक गेल्या. त्या दिवशी मोक्षधामात लोकांना वाटले की काकाजी आज बोलणार नाहीत. पुकारणाऱ्याने त्यांचे नाव घेतलेही नाही. पण चार जणांचे बोलून झाल्यावर ते स्वतः उठले. चपला काढल्या. मनगट धरले.

"मी काय बोलनार, पन बोलतो. तवा तापेपर्यंत पह्यली पोळी कडक होते. सगळ्याइच्या घरी होते. आमच्या घरी थे पोळी माह्या ताटात कधी आली नाई. पोरीच्याबी ताटात आली नाई. थे हिनं खाल्ली. लगन झालं त्या दिवसापासून हिनं रोज कडक पोळी खाल्ली. मले माहीत होतं."

एवढेच बोलून ते बसले. शेडखालचा एकही मनुष्य नंतर बोलायला उठला नाही. माझ्या शेजारी बसलेले किराणा दुकानदार उपरण्याने डोळे पुसत होते.

आम्ही परतलो तेव्हा काकाजींच्या दारात त्यांची लेक पाण्याची बादली आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन उभी होती. आमच्याकडे स्मशानघाटावरून आलेली माणसे पाने चावून, पायांवर पाणी घेऊन मगच उंबरा ओलांडतात. दुकानदारांना राहवले नाही. ते तिला म्हणाले, "तुह्ये बाबा काय बोलले बाई! सारा घाट रडला."

"काय बोलले?"

त्यांनी कडक पोळीची हकिकत सांगितली. ती ऐकत असता मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला वाटले होते, तिला रडू कोसळेल. तसे झाले नाही. तिने बादली खाली ठेवली आणि वडिलांकडे वळली. ते वाकून पायांवर पाणी घेत होते.

"आईले वाटे, बाबाले पोळीतला फरकच समजत नाई. मरेपर्यंत तिले हेच वाटलं. हे घरात बोलाले काय झालं होतं, बाबा?"

काकाजी पायांवर पाणी ओतत राहिले. पाय केव्हाच धुऊन झाले होते.

तेरवी आटोपून ती राजूरला गेली, ती पुन्हा नेरला आली नाही. दिवाळी गेली, अक्षय तृतीया गेली. तिने संबंध तोडले असे म्हणता येणार नाही. काकाजी रविवारी फोन करत. ती उचलत असे. त्यांच्या घरी मोबाईलला रेंज नीट मिळत नसे म्हणून ते आमच्या अंगणात येऊन बोलत, त्यामुळे संभाषण आपोआप माझ्या कानी पडे.

"पानी आलं का नळाले?"

पलीकडून काहीतरी उत्तर येई.

"धूळ हाय का?"

पुन्हा उत्तर.

"बरं. ठेवतो."

राजूरला कोळशाची धूळ बारमाही असते, हे त्यांनाही ठाऊक होते. फोन खिशात ठेवून ते आमच्या पायरीवर थोडा वेळ बसत. अशाच एका रविवारी मी धीर करून म्हटले, "काकाजी, तुम्ही तिला एकदा मोकळेपणाने काही बोला ना. घाटावर परक्यांसाठी इतके बोलता."

ते अंगणातल्या पारिजातकाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "मेलेला मानूस उलटून पाहत नाई गा."

"म्हणजे?"

"त्याचं चांगलं बोललं अन् चुकलं, तं थो काई म्हनत नाई. जिता मानूस आपल्या तोंडाकडे पाहते. त्याले खरं वाटलं का खोटं, थे त्याच्या डोयात दिसते." मग त्यांनी मलाच विचारले, "अन् त्याले खोटं वाटलं तं?"

त्या माणसाला सारे गाव शोकसभेचे वक्ते म्हणून ओळखत होते. त्याची भीती इतकी साधी असेल अशी माझी कल्पना नव्हती. आपण पुढे केलेला हात कोणी घेणार नाही, या धाकाने त्यांनी तो आयुष्यभर पाठीमागे धरून ठेवला होता. ही कल्पना मला त्या पायरीवर सुचली, की पुढे केव्हातरी, हे मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही.

एके दिवशी जावई स्वतः नेरला आले. खाणीच्या क्वार्टरमधून निघून त्यांनी राजूरलाच लहानसे घर बांधले होते, त्याच्या वास्तुशांतीचे निमंत्रण घेऊन. जावई सरळ मनाचे. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तुमी आले तं तिले बरं वाटन, मामाजी."

"तिनं म्हनलं का तसं?"

"म्हनलं नाई. पन वाटन."

काकाजींनी मला सोबत चलण्याची गळ घातली. एकट्याने जाण्याचे बळ नव्हते, असे ते म्हणाले नाहीत; गुडघे दुखतात, एवढेच म्हणाले. वास्तूच्या आदल्या दिवशी आम्ही नेरहून निघालो, यवतमाळला गाडी बदलली आणि वणीची एसटी धरली. मांडीवर पिशवी होती. पिशवीत लेकीसाठी घेतलेले पातळ होते, आणि पातळाचा रंग तिला आवडेल का, हे त्यांनी मला प्रवासात वारंवार विचारले. मारेगावच्या पुढे रस्त्यावर कोळशाचे ट्रक दिसू लागले तसे ते अस्वस्थ झाले.

"तिच्याबद्दल तुले काई माहीत हाय का गा? चांगली गोष्ट?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणत्या प्रसंगी विचारला होता, ते मला ठाऊक होते.

"काकाजी, वास्तू आहे उद्या."

"हाव, हाव. वास्तूच. लोक म्हनन, बापानं दोन शब्द बोलावं. तवा काय बोलू?"

मला तिच्याबद्दल काहीच सांगता आले नाही. भिंतीपलीकडची ती मुलगी लहानपणापासून माझ्यासमोर वाढली होती, आणि तरी माझ्याजवळ तिची एकही गोष्ट नव्हती.

राजूरला पोचलो तेव्हा लेकीने पाणी दिले, वाकून नमस्कार केला, पातळ हातात घेऊन "कायले आनलं?" म्हणाली आणि कामाला लागली. घर नवे होते, तरी खिडकीच्या गजांवर काळी धूळ बसू लागली होती. संध्याकाळी मी पाहिले, तर काकाजी कुंपणापाशी शेजारणीला गाठून तोच प्रश्न विचारत होते. बाई वाळलेले कपडे झटकून घडी करत होती.

"आमच्या पोरीची एक गोष्ट सांगा. चांगली, पन खरी."

बाईने त्यांच्याकडे नवलाने पाहिले. "तुमची पोरगी ना जी? मंग तुमालेच माहीत असन. आमाले कायले पुसता?"

काकाजी कुंपणाला धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या प्रश्नाला कोणी असे उत्तर दिले नसावे. मेलेल्यांच्या घरी सगळे काही ना काही सांगत.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. अंगणात मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि गाणी लावण्यासाठी आणलेला माईक होता. कढईत पुऱ्या फुगत होत्या. खाणीतली माणसे, त्यांची कुटुंबे, जावयाकडची मंडळी अशी बरीच गर्दी जमली. जेवणे सुरू होण्याआधी जावयाच्या मित्राने माईक हातात घेतला. एक-दोघे बोलले. घर, कष्ट, कर्ज, आशीर्वाद. मग तो म्हणाला, "आता वहिनीच्या वडलानं दोन शब्द बोलावं. नेरहून आले हायत."

मी लेकीकडे पाहिले. ती हळदीकुंकवाचे ताट घेऊन दाराशी उभी होती. माईकवर वडिलांचे नाव निघताच तिने ताटातली कुंकवाची वाटी उगाच सरळ केली आणि तिथेच नजर खिळवून ठेवली. तिला काही अपेक्षा होती असे मला म्हणवत नाही. अपेक्षा करायचे तिने बंद केले असावे. पण ती आत गेली नाही.

काकाजी उठले. माईकपाशी जाऊन चपला काढू लागले, तेव्हा लोकांना वाटले की पूजेच्या जागेचा मान म्हणून काढताहेत. त्यांनी मनगट धरले.

"मी काय बोलनार, पन बोलतो. या पोरीबद्दल चांगलं सांगावं म्हनून मी लय इचार करून राह्यलो. दुसऱ्याईले पुसलं. कोनी काई सांगतलं नाई. मंग काल मले आठोलं."

ते थांबले. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"लहानपनी ही लय जोरात हासे. मी हापिसातून सायकलवर येओ तं गल्लीच्या कोपऱ्यावरून हिचा आवाज ऐकू ये. मायलेकी दोघी हासत. मी घरात पाय टाकला का आवाज बंद. दोघी चूप. मले वाटे, माह्या घरात शिस्त हाय. मंग एक दिवस मले वाटलं, आपन आत गेलो का हे बंद होते. तवापासून मी कोपऱ्यावरच उतरो. सायकल धरून उभा राहो. कोनी पाह्यलं तं चेन निंगाली म्हनून खाली वाको. हिचं हासनं सरेपर्यंत उभा राहो, अन् मंग घरी जाओ. लय वर्षं मी असा उभा राह्यलो. हिले कधी सांगतलं नाई. हिच्या मायलेबी नाई."

पुऱ्या तळणाऱ्याने झारा हातात तसाच धरला होता.

"थे हासनं लय चांगलं होतं. मले आवडे. मी आत आलो म्हनून थे बंद झालं, हे चांगलं नाई झालं."

पुढे काय बोलावे हे त्यांना कळेना. समोर लेक उभी होती, आणि ती आता ताटाकडे नव्हे तर सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ज्या नजरेला ते जन्मभर भ्याले, तिच्यासमोर ते अडकले. आणि अडकलेला मनुष्य जसा नेहमीच्या वाटेकडे वळतो तसे ते वळले. मान खाली घालून, गंभीर आवाजात म्हणाले,

"आता आपन सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

आणि सगळे उभे राहिले. शोकसभांना सरावलेली माणसे आम्ही. ते शब्द कानी पडले की पाय आपोआप उठतात. खुर्च्या सरकल्या. जावयांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मीही मान खाली घालून उभा राहिलो. लेक जिवंत, धडधाकट, नव्या घराच्या दारात उभी होती आणि आम्ही सारे तिच्यासाठी स्तब्ध होतो.

प्रथम भान आले ते तिच्या सासूबाईंना.

"अवं माय! ओ इवाई! जित्या मानसाची शोकसभा करून राह्यले का तुमी? वास्तूच्या दिवशी?"

काय झाले ते हळूहळू एकेकाच्या ध्यानात येऊ लागले. कोणी खाली बसावे की उभे राहावे याच्या घोळात पडला. सासूबाई कपाळाला हात लावून "अभद्र, अभद्र" म्हणत होत्या. मी काकाजींना सावरायला पुढे निघालो, तोच दाराशी आवाज झाला.

ती हसत होती. आधी पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत. मग पदर सुटला, ताट शेजारणीच्या हाती गेले, आणि ती चौकटीला धरून मोठमोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईतो हसू लागली. तिचा मुलगा तिच्याकडे थक्क होऊन पाहत होता; त्याने आईचे असे हसणे बहुधा पाहिले नसावे. मग शेजारीण हसली, जावई हसले, झारा धरलेला मनुष्य हसला. सासूबाईंनी काही काळ दम धरला, पण शेवटी त्यांनीही हसू लपवायला तोंड फिरवले.

काकाजी मात्र डोळे मिटून, मान खाली घालून स्तब्ध उभेच होते. दोन मिनिटे व्हायची होती. फक्त मी जवळ होतो म्हणून मला दिसले, त्यांनी एक डोळा किंचित उघडून दाराकडे पाहिले आणि लगेच पुन्हा मिटला.

परतीच्या गाडीला मी एकटाच निघालो. लेक मला फाटकापर्यंत पोचवायला आली आणि सहज म्हणावे तसे म्हणाली, "बाबा राहतीन काई दिवस. तुमी जा, काका." बसमध्ये खिडकीशी बसून मी माझ्या घरातल्या माणसांची एकेक चांगली गोष्ट आठवू लागलो. गोष्टी पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या किती मी त्यांच्या कानी घातल्या होत्या, हा प्रश्न मी मारेगावपर्यंत टाळला. नंतर तो टाळता आला नाही.

ते काही दिवस पुढे लांबत गेले. काकाजी मधूनमधून नेरला येत, घर उघडून झाडत आणि परत जात. एखाद्या शोकसभेला असले तर मागे बसत. नाव पुकारले तर हात जोडून नकार देत. आता आमच्या मोक्षधामात पूर्वीसारखीच भाषणे होतात. सगळे मनमिळाऊ असतात, पोकळी निर्माण होते, आणि लोक लवकर घरी जातात.

मागच्या हिवाळ्यात राजूरलाच ते गेले. मला निरोप मिळाला तेव्हा सारे आटोपले होते. तिकडे घाटावर कोणी काय बोलले, मी विचारले नाही. लेकीनेही सांगितले नाही.

माझ्या आठवणीत त्याआधीची एक दुपार आहे. काही कामाने वणीला गेलो होतो, म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. त्यांनी मला आग्रहाने जेवायला बसवले. लेक ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. मिक्सरमध्ये चटणी फिरत होती. काकाजींनी वांग्याच्या भाजीचा घास घेतला, माझ्याकडे पाहिले, घसा साफ केला. मनगट धरायला हात मोकळे नव्हते. एका हातात पोळी होती.

"भाजी चांगली झाली वं, बाई."

"काय म्हनलं?" ती न वळता म्हणाली. "मिक्सर चालू हाय, ऐकू नाई आलं."

काकाजींनी आवाज चढवला. "भाजी चांगली झाली म्हनलं!"

"हाव?" ती म्हणाली.

मिक्सर तिने विचारण्याआधीच बंद झाला होता.